पलंगाशेजारचं सॉकेट

बाईंच्या घरी विजेतला बिघाड शोधायचा मल्टिमीटर स्वयंपाकघरात असायचा, पळी आणि झारा यांच्या मधल्या हुकवर. त्याच्या लाल-काळ्या तारा शेगडीत लोंबू नयेत म्हणून केसांच्या रबरबँडनं बांधून ठेवलेल्या. मी खोली बघायला गेले तेव्हा आधी तेच दिसलं, आणि मनात म्हटलं, या घरात आपलं काही जमायचं नाही. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आल्यावर आपल्या चुका काढणारं माणूस कुणाला हवं असतं?

"स्टेशनपासून इथपर्यंत किती लागले?" बाईंनी विचारलं.

"दहा."

"दहा काय? मिनिटं, पावलं, की खड्डे?"

"मिनिटं."

"मग तसं म्हणावं. एकक नसलेला आकडा म्हणजे नुसता आवाज."

ही माझी मुलाखत. पास झाले, कारण लंडनच्या एजवेअरमध्ये त्या भाड्यात दुसरी खोली नव्हती आणि बाईंकडे दुसरी भाडेकरू नव्हती.

उत्तर लंडनमधल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं होतं. मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. लग्न होऊन इकडे आल्या त्याला इतकी वर्षं झाली होती की त्यांचं मराठी तिथंच गोठून राहिलं होतं. स्विचला कळ म्हणायच्या, ट्रेनला आगगाडी, आणि त्याच वाक्यात "कौन्सिलला फोन लाव गं, त्यांनी रिसायकलिंगचा बिन अजून नेला नाही" असंही म्हणायच्या. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मूल नव्हतं. पिनरला एक भाची होती. तिचं मराठी "कशी आहेस मावशी" इथं सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं.

मी पहिल्या दिवशी आंटी म्हणून बघितलं. "मी कुणाची आंटी नाही. शाळेत मिस म्हणायचे, ते घरी नको. आमच्या भायखळ्याच्या शाळेत बाई म्हणायचो. ते चालेल." तेव्हापासून बाई. एकावर एक दोन कार्डिगन घालायच्या, उन्हाळ्यातही, आणि वरच्याची बटणं कधीच लावायच्या नाहीत. सगळ्याला मार्क द्यायच्या. माझ्या चहाला सहा. बातम्यांतल्या मंत्र्याला दोन. मी आईशी फोनवर भांडले की जिन्याखालून आवाज यायचा, "मुद्दा बरोबर, मांडणीला शून्य." मी चिडून "काहून ऐकून राहिल्या तुम्ही?" असं विचारलं तर त्यांना माझं नागपुरी इतकं आवडलं की दोन दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूला त्या "काहून" विचारत फिरत होत्या. केटलला, बॉयलरला, मागच्या दारी येणाऱ्या कोल्ह्याला.

आणि पहिल्याच आठवड्यात, भाजी निवडता निवडता, डाव्या खांद्याच्या खाली बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "इथं आत एक सेल आहे. माझ्या हृदयाला स्वतःहून ठोका द्यायचा कंटाळा येतो, म्हणून तो आठवण करून देतो. तुला सांगून ठेवते, कधी मी पडलेली दिसले तर आरडाओरडा करायच्या आधी हे सांगायचं."

"पेसमेकर? म्हणजे बॅटरी?"

"सेल. एक असला की सेल. अनेक जोडले की बॅटरी. अर्धा मार्क."

सगळे सेल संपतात, हाही संपेल, मग बदलायचा, त्यात रडण्यासारखं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. तो कधी संपत येतो ते कळावं म्हणून हॉस्पिटलनं एक पांढरा डबा दिला होता. पलंगाशेजारच्या सॉकेटला तो लावलेला असायचा. रात्री बाई झोपल्या की छातीतल्या सेलची अवस्था वाचायचा आणि हॉस्पिटलला पाठवायचा. "मी झोपले की चुगली करतो," बाई म्हणायच्या. तो त्यांना मनापासून आवडत नव्हता.

आता माझं सांगते. मी कॉलेजपासून सिगरेट ओढत होते आणि इकडे आल्यावर त्या रंगीत, वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे वाफेच्या ई-सिगरेटवर आले होते. मग त्यांच्यावर बंदी येणार अशी बातमी आली. हाय स्ट्रीटवरच्या दुकानदारानं मला एक पितळी नळी विकली, त्यात घालायचा सुटा सेल, तारेचं रीळ आणि कापूस दिला. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. ते आपणच गुंडाळायचं, त्यातून कापूस ओवायचा, कापसावर लिक्विड सोडायचं. कळ दाबली की तार तापते, वाफ होते. नळीत चिप नाही, काही नाही. सेल थेट तारेला जोडलेला. "लो ओम, बिग क्लाउड्स," दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली आणि मोबाइलवर बघून घरी येऊन दोन वेटोळी गुंडाळली.

मागच्या अंगणात शेडच्या आडोशाला उभी होते, तर बाई कपड्यांची बादली घेऊन बाहेर आल्या. मी नळी मुठीत लपवली. मूठ तापायला लागली.

"काय आहे? दाखव."

आता खोली गेली, असं मला वाटलं. पण बाईंना माझ्या ओढण्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी वरची टोपी उघडली, चष्मा कपाळावर ढकलून आत डोकावल्या आणि विचारलं, "हे कुणी गुंडाळलंय?"

"मी."

"तीन."

"तीन काय, बाई?" ही संधी मी सोडणं शक्य नव्हतं.

"दहापैकी मार्क. आत चल."

स्वयंपाकघरात मल्टिमीटर हुकवरून खाली आला. बाईंनी आधी त्याच्या दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवली. "या तारांचा स्वतःचा रोध असतो. तो वजा केला नाहीस तर तू मोजतेस ते अर्धं मीटरचंच." मग माझं कॉइल मोजलं. एका ओमच्या पाव भागालाही पोचत नव्हतं. दोन वेटोळी शेजारी शेजारी लावली की करंटला दोन वाटा मिळतात आणि रोध निम्म्यावर येतो, हे मी बारावीला पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरून गेले होते. बाईंनी पिझ्झाच्या जाहिरातीच्या पाठीवर भागाकार मांडला. मग सेल माझ्या हातात दिला. "किती अँपिअर द्यायला बनवलाय, वाच." वाचलं. भागाकाराचं उत्तर त्याहून बरंच मोठं होतं.

"म्हणजे तू त्याच्याकडे झेपतं त्यापेक्षा जास्त मागतेस," बाई म्हणाल्या. "आणि सेलला नाही म्हणता येत नाही. तार जितकी सोपी वाट देईल तितकं तो देत राहतो आणि आतून तापतो. मग एक दिवस फुटतो. तुझ्या तोंडासमोर."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून विणायच्या सुईवर नवं कॉइल गुंडाळून घेतलं. बारीक तार, जास्त वेढे, वेढ्याला वेढा लागलेला. तीनदा उलगडायला लावलं. चौथ्याला मीटरवर एक ओम आला तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकल्या. "एक ओम. सभ्य आकडा." मी कळ दाबून ओढलं. वाफ इतकीशी आली. मी कुरकुरले.

"तू निकोटीन घ्यायला ओढतेस की ढग करायला?"

"निकोटीन."

"मग इंग्लंडात ढग कमी आहेत का?"

पुढे त्यांनी मला ती नळीही टाकायला लावली आणि चिप असलेलं यंत्र घ्यायला लावलं, ज्यात आपण वॉट ठरवायचे आणि चिप तेवढेच देते. यावर बाईंचं एक व्याख्यान होतं, ते मी इतक्यांदा ऐकलं की आजही जसंच्या तसं म्हणू शकते. "नुसत्या नळीत सेल थकला की वाफ थकते. माणसाला कळतं. चिप तसं करत नाही. तू वीस वॉट म्हटलेस तर ती शेवटपर्यंत वीसच देणार. सेल थकून त्याचे व्होल्ट उतरले, की तेवढेच वॉट भरून काढायला ती त्याच्याकडून जास्त अँपिअर ओढते. म्हणजे थकलेल्याकडून जास्त काम. बाहेर काही दिसत नाही. सगळं छान चाललंय, छान चाललंय, आणि एकदम बंद."

"मग चांगलं कुठलं?"

"सुरक्षित म्हणशील तर चिप. ती शॉर्ट झालेलं ओळखते, सेल फार उतरू देत नाही. प्रामाणिक म्हणशील तर नळी. मी तुला सुरक्षित घ्यायला सांगतेय."

मग माझे वॉट उतरवायला सुरुवात झाली. दर थोड्या दिवसांनी एखाद-दुसरा वॉट कमी, आणि पुढची बाटली आधीच्यापेक्षा कमी निकोटीनची. मी सोडायचं ठरवलं होतं असं नाही, बाईंनी ठरवलं होतं. सकाळी जिन्यातच विचारायच्या, "आज किती?" आणि मी उत्तर द्यायचे, "चौदा वॉट." एककासकट. नाहीतर ऑफिसला जायला उशीर व्हायचा.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी बाई दिवे लावायच्या आणि तिथून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत घरातल्या कुठल्याही कळेला हात लावायच्या नाहीत. शब्बाथ. "तार लाल होणं म्हणजे आग पेटवणंच, बल्बमधली असो नाहीतर तुझ्या त्या चिलमीतली. तू तुझ्या खोलीत काय हवं ते कर. माझ्यासमोर नको." मी नुसत्या अहंकारापोटी शनिवारी ओढायचं सोडलं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आमचे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तू आता शनवार वाफवाली."

पण शनिवारची खरी गोष्ट दुसरीच होती. बाईंना स्वतः कळ दाबता येत नव्हती आणि मला "दाब" असं सांगताही येत नव्हतं. सांगून करून घेणं म्हणजे करणंच. मात्र जे आहे ते बोलून दाखवायला हरकत नव्हती. माझ्या पहिल्या शनिवारी त्या बैठकीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आज इथं वाचायला जरा अंधुकच आहे."

"हो ना बाई, इथली हवाच अशी," मी म्हटलं आणि वर निघून गेले.

रविवारी सकाळी मला त्याबद्दल शून्य मार्क मिळाले आणि मग नियम कळला. मागायचं नाही. जे आहे ते म्हणायचं. ऐकणाऱ्याला उमगलं तर उमगलं. मी हळूहळू तयार झाले. "हीटर आज गप्प आहे," असं आलं की उठायचं. "फ्रिजमधला दिवा काल कुणी काढून ठेवायला विसरलं वाटतं," असं आलं की जाऊन दार उघडायचं, कारण दारासरशी तो दिवा पेटतो, आणि बाईंना दूध काढू द्यायचं. एकदा नुसतंच "कुकर फार विचारात पडलाय" असं ऐकू आलं आणि मी धावत जाऊन प्लेट बंद केली. दहापैकी नऊ.

माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला ती गोष्ट अशी, की बाकीचे सहा दिवस बाई कुणाकडे काहीच मागायच्या नाहीत. बल्ब बदलायला स्वतः स्टुलावर चढायच्या. बिन स्वतः ओढत फुटपाथवर न्यायच्या आणि मी दुसरी बाजू धरली तर म्हणायच्या, "मला हात आहेत." भाचीनं डॉक्टरकडे सोडू का विचारलं तर बसचा नंबर सांगायच्या. काय हवंय ते फक्त शनिवारी कळायचं.

एका संध्याकाळी बाईंनी माझ्या खोलीत पाहिलं, की मी सेल मोबाइलच्या ॲडॉप्टरवर, गादीवर ठेवून चार्ज करतेय आणि स्वतः खाली जेवायला चाललेय. त्या इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या सेलचं प्लॅस्टिकचं वेष्टनही एका कडेला फाटलेलं निघालं. तो त्यांनी जप्त केला आणि सुपरमार्केटच्या जुन्या सेलच्या पेटीत स्वतः नेऊन टाकला. दोन खाचांचा चांगला चार्जर आणायला लावला आणि तो त्यांच्या खोलीत, बाथरूमच्या उरलेल्या टाइलवर, पडद्यापासून लांब, पलंगाशेजारच्या ड्रेसिंग टेबलवर ठेवला. "लिथियम चार्ज होत असताना त्याच्याजवळ कुणीतरी असावं. एकट्याला सोडायचं नाही."

त्यामुळे संध्याकाळी जेवण झालं की मी सेल घेऊन बाईंच्या खोलीत जायचे. लाल दिवा हिरवा होईपर्यंत पलंगाच्या कडेवर बसायचे. बाई बोलायच्या. नवरा विरजणाच्या दह्याला मार्क द्यायचा, त्यावरून त्यांना ती सवय कशी लागली. शाळेत एका मुलीनं "मिस, वीज दिसत नाही तर ती आहे कशावरून" असं विचारलं आणि त्यांना रात्रभर उत्तर कसं सुचलं नाही. अलिबागकडच्या आजोळी पोहे, नारळ आणि गूळ कालवून मलिद्याचं ताट कसं मांडायचे. कधी कधी दिवा हिरवा होऊन कितीतरी वेळ झालेला असायचा आणि मी तशीच बसलेली असायचे. मला त्या खोलीत बरं वाटायचं. परदेशात दिवसभर आपण कामाचं बोलतो, बिनकामाचं बोलायला जागा लागते.

पुढच्या वसंतात मी दहा वॉटवर आले होते आणि बाई जिन्यात थांबायला लागल्या होत्या. मधल्या पायरीवर, कठड्याला धरून. मी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे. बिघाड यांत्रिक आहे, विजेचा नाही." मी म्हटलं डॉक्टरांना दाखवू, तर बसचा नंबर सांगितला.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी मी वरच्या पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. इथला जून म्हणजे तारे दिसायला रात्रीचे साडेदहा होतात, शब्बाथ संपता संपत नाही. बाई जिना चढून वर आल्या आणि शेवटच्या पायरीवर टेकल्या. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मग म्हणाल्या,

"जिना चढून आले. पण ठोके तेवढेच आहेत."

"मग काय बाई, एकदम फिट आहात तुम्ही!" मी म्हटलं आणि घड्या उचलून खोलीत गेले.

खण उघडला. टॉवेल ठेवले. आणि हात तिथंच थांबला, कारण आज शनिवार होता.

जिना चढल्यावर कुणाचेही ठोके वाढतात. न वाढणं हे ताकदीचं लक्षण नाही, कुणीतरी आतून ठरवून दिलंय याचं लक्षण आहे. हे मला बाईंनीच वर्षभर शिकवलं होतं, वाफेवरून. आणि शनिवारी बाई उगाच काही बोलत नसत. मी धावत बाहेर आले. त्या तशाच बसल्या होत्या, ओठ राखाडी झालेले.

"बाई, ॲम्ब्युलन्स बोलावून राहिले मी."

"मी काही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. पण नको असंही म्हटलं नाही.

हॉस्पिटलमध्ये एका तंत्रज्ञ मुलीनं त्यांच्या खांद्यावर एक चपटं यंत्र धरलं आणि स्क्रीनवर बघत राहिली. सेल संपत आला होता. उरलेली शक्ती पुरवायला आतल्या चिपनं सगळ्या सोयी बंद करून एकच ठरलेला वेग धरला होता, माणूस झोपलेलं असो की जिना चढत असो. "हे आम्हाला महिन्यांपूर्वी समजायला हवं होतं," ती म्हणाली. "घरचा मॉनिटर काही पाठवतच नाहीये. आम्ही दोनदा फोनही केला होता."

"अनोळखी नंबरवरून मला सोलर पॅनल विकतात," बाई इंग्रजीत म्हणाल्या आणि छताकडे बघायला लागल्या.

त्यांचे कपडे आणायला मी घरी आले. बाईंच्या खोलीत गेले, चष्म्याची डबी घेतली आणि ड्रेसिंग टेबलच्या मागे वाकून पाहिलं. पांढऱ्या डब्याचा प्लग जमिनीवर पडला होता, त्यावर धुळीचा थर. पलंगाशेजारच्या त्या सॉकेटमध्ये माझा चार्जर होता. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मला बाईंचा भयंकर राग आला होता.

बाई त्यातून वाचल्या. मंगळवारी सेल बदलला, भूल जागेपुरतीच, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरला त्या विचारत होत्या की हृदयापर्यंतच्या तारेचा रोध किती. कित्येकशे ओम, असं कळल्यावर घरी येईपर्यंत त्यांची कळी खुललेली होती. "बघितलंस? जास्त ओम, कमी करंट, जेवढा ठोक्याला लागतो तेवढाच. म्हणून दहा-दहा वर्षं टिकतो. ज्यानं हे मांडलं त्याला दहापैकी दहा." त्यांनी कुणाला दहा दिलेले मी तेवढेच ऐकले. पुढचा हिवाळा मात्र त्यांनी काढला नाही. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत गेल्या. हृदयाचा त्यात काही दोष नव्हता, ते शेवटपर्यंत बरोबर चाललं होतं. त्यांच्यात दफन करतात. भाचीला मी विचारलं, सेल काढून घेतला का. "नो, दे लेफ्ट इट," ती म्हणाली, आणि मग तिला येणाऱ्या मराठीत, "मावशीचा आहे ना तो."

म्हणजे तो अजून चालू असेल. त्या थंड, ओल्या मातीत, ठरल्या वेळी, ठोका देत असेल. मला या विचारानं कधी भीती वाटत नाही, पण रडू येतं.

पण मला बाई आठवतात त्या तिथल्या नाहीत. सेल बदलायच्या आधीच्या त्या रविवारच्या, हॉस्पिटलच्या खाटेवर, कार्डिगनशिवाय. मी त्यांना इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि रात्रभर घोकलेलं बोलून टाकलं.

"डब्याचा प्लग काढून तुम्ही माझा चार्जर लावलात. एक एक्स्टेंशन आणता आलं असतं."

"एक्स्टेंशनवर चार्जर लावू नये."

"बाई!"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वळवली. मी आवाज खाली घेतला. "तुम्ही मरू शकला असता. आणि तुम्हाला हे कळत नव्हतं असं मला सांगू नका. जगात कुणाला कळत असेल तर तुम्हाला."

बाईंनी चादरीची कड सारखी केली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी खरंच सॉकेट नव्हतं म्हणून काढला. म्हटलं, उद्या परत लावू. तो डबा रोज रात्री मला वाचून जायचा आणि कुणी यायचं नाही. तुझा चार्जर लावला की तू यायचीस. बसायचीस. दिवा हिरवा झाला तरी बसायचीस."

मी चष्म्याची डबी उघडली, परत मिटली.

"नंतर वाटायचं, परत लावावा. पण तुझे वॉट उतरत होते. चौदा झाले, बारा झाले, दहा झाले. म्हटलं, आता ही सोडणारच. मग काय कारण राहणार यायला? आहेत तेवढे दिवस असू दे."

"मग उतरवलेत कशाला माझे वॉट? सकाळी सकाळी जिन्यात अडवून?"

"ते उतरायला हवेच होते," बाई म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मी उठून खिडकीपाशी गेले, कारण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. खाली पार्किंगमध्ये एक माणूस फुलांचा गुच्छ गाडीच्या टपावर ठेवून किल्ली शोधत होता. बाईंनी वर्षभर स्वतःच्या हातानं, एकेक वॉट करून, माझं येणं कमी करत आणलं होतं, आणि त्यात एकदाही लबाडी केली नव्हती.

"तुम्ही मला सरळ म्हणायचं होतं," मी म्हटलं. "येत जा, एवढंच. मी काय नाही म्हटलं असतं?"

"शनिवारी म्हणता येतं काहीतरी. एरवी मला ते जमत नाही गं. कधीच जमलं नाही."

"आज रविवार आहे. मागून बघा."

त्यांनी बराच वेळ चादरीची ती कडच चाचपली. नर्स येऊन पलीकडच्या म्हातारीचं ताट घेऊन गेली. मला वाटलं, आता बसचा नंबर सांगतील.

"उद्या ये," बाई म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "सेल न घेता ये."